समतोल एकट्याचा नसतो, घराचा असतो

(सांगली येथे कार्यकर्त्यांच्या कुटुंब मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



‘नोकरी-व्यवसाय आणि कुटुंब यांचा समतोल’ हा विषय आज मला दिला आहे. एरवी हा विषय महिलांच्या मेळाव्यात ठेवला जातो. पुरुषांच्या मेळाव्यात तो ठेवावा असे कोणाला सुचत नाही. जणू समतोल साधण्याची जबाबदारी तिची आणि त्यावर शाबासकी देण्याचे काम आपले! आज येथे पती-पत्नी शेजारी शेजारी बसले आहेत, म्हणून मनमोकळे बोलण्याचे धाडस करतो.

आपला सातारा-सांगलीचा मुलूख घराबाहेर राहून कर्तव्य करणाऱ्यांचा आहे. साताऱ्याजवळचे अपशिंगे घ्या. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे ४६ जवान धारातीर्थी पडले; आजही तेथील कुळांत सैन्यात जाण्याची परंपरा आहे. इकडे खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातील माणसे गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायानिमित्त देशभरातील शहरांत पसरली. आता आपली मुले-मुली पुण्याच्या कंपन्यांत नोकरीला आहेत. व्यवसाय बदलले, प्रश्न मात्र जुनाच राहिला : एक जण बाहेर पडला की मागचे घर कोण सांभाळतो?

या प्रश्नाचे उत्तर आपल्याच मातीतील एका घरात शोधू या. कर्मवीर भाऊराव पाटील यांचे घराणे आपल्या वाळवा तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. संसाराच्या सुरुवातीच्या काळात त्यांनी किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी गावोगाव फिरती केली. १९१९ साली कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. वेगवेगळ्या जातींची मुले तेथे एका पंगतीत जेवू लागली. १९२७ साली महात्मा गांधींनी या वसतिगृहाला भेट दिली. हा इतिहास आपण सारेच अभिमानाने सांगतो.

त्या पंगतीला वाढत कोण होते? लक्ष्मीबाई. सोवळ्या-ओवळ्याच्या वातावरणात वाढलेल्या या माउलीने अठरापगड जातींच्या मुलांना आपल्या लेकरांसारखे मानले. वसतिगृहात धान्य नसे तेव्हा त्यांच्या अंगावरचे दागिने एकामागून एक गेले आणि अखेर मंगळसूत्रही गेले. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयतेचा वटवृक्ष पुढे फोफावला, भाऊरावांना १९५९ साली ‘पद्मभूषण’ मिळाले. त्यातील काहीच पाहायला लक्ष्मीबाई उरल्या नव्हत्या.

हा प्रसंग आपण नेहमी ‘केवढा हा त्याग!’ असे म्हणून संपवतो. मला त्यापुढे एक पाऊल टाकायचे आहे. लक्ष्मीबाईंनी तो त्याग स्वतः होऊन केला, म्हणून तो वंदनीय ठरला. त्याचा दाखला देऊन आपण जेव्हा आपल्या घरातील स्त्रीकडून तशीच अपेक्षा धरतो, तेव्हा ती वसुली ठरते. ध्येयासाठी स्वतःचा वेळ देणे हा आपला अधिकार आहे. दुसऱ्याचा वेळ त्याला न विचारता देऊन टाकणे हा नव्हे. बैठक रात्री साडेदहापर्यंत लांबते तेव्हा आपला दीड तास जातो आणि घरी ताट झाकून बसलेल्या व्यक्तीचाही दीड तास जातो. आपल्या दीड तासाची नोंद इतिवृत्तात होते, तिच्या दीड तासाची कोठेच होत नाही.

दुसरे उदाहरण सावित्रीबाई फुले यांचे. त्यांचे माहेर सातारा जिल्ह्यातील नायगाव. १८५६ साली त्या आजारपणामुळे माहेरी होत्या. तेथून जोतिरावांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी, आपल्या अनुपस्थितीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, अशी काळजी व्यक्त केली आहे. दोन गोष्टी येथे ध्यानात घ्याव्यात. आजारी पडल्यावर विश्रांती घेणे त्यांनी कमीपणाचे मानले नाही. आणि आपला भार कोणाच्या खांद्यावर गेला आहे, हे त्या विसरल्या नाहीत. समतोलाचे मर्म मला या आठवणीत दिसते. भार कधी इकडे, कधी तिकडे जाणारच. तो कोण उचलतो आहे याची जाणीव हरवता कामा नये.

तिसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे. साताऱ्याचे सुपुत्र कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाडा येथे दहशतवाद्यांशी लढताना हुतात्मा झाले. दोन लहान मुलांची आई असलेल्या स्वाती महाडिक यांनी सैन्यात जाण्याचा निश्चय केला. वयोमर्यादेत सवलत मिळाली, निवड परीक्षा मात्र इतरांसारखीच द्यावी लागली. चेन्नईचे खडतर प्रशिक्षण पूर्ण करून सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. प्रशिक्षणाच्या त्या महिन्यांत त्यांना आईपण आणि कर्तव्य रोज समसमान वाटून देता आले असेल का? ते शक्यच नव्हते. समतोल दिवसाच्या घड्याळात मोजायचा नसतो. तो वर्षांच्या हिशेबात, आणि सर्वांच्या साथीने साधायचा असतो.

आता आपल्या घरांकडे येऊ. २०१९ साली केंद्र सरकारने वेळेच्या विनियोगाची देशव्यापी पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात आणि पुरुष ९७ मिनिटे, असे तीत आढळले. ही ९७ मिनिटेही जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांची. आणि असे पुरुष शंभरात जेमतेम २६! २०१७ साली कायद्यात सुधारणा होऊन प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे स्वागतार्हच. केंद्र सरकारी नोकरीत पित्याला मिळणारी रजा मात्र १५ दिवसांची आहे. मूल दोघांचे आणि रजेचे हे प्रमाण, यावर आपण विचार करायला हवा.

‘पाश्चात्त्यांच्या अनुकरणाने कुटुंब मोडते’ असे आपण म्हणतो. कुटुंब आतूनही झिजते, एकाच व्यक्तीवर सारा भार पडला की झिजते. कुटुंब टिकावे असे ज्याला मनापासून वाटते, त्याने आधी आपला वाटा उचलावा. यासाठी फार मोठे संकल्प नकोत. बैठक ठरलेल्या वेळी संपवावी. मुलाच्या शाळेची पालकसभा आणि आईच्या औषधाची तारीख आपल्याही डायरीत असावी. मुलीबरोबर मुलालाही वरण-भाताचा कुकर लावता यावा. पुण्यात नातवंड सांभाळायला आई-वडिलांना बोलावताना त्यांना विचारावे. त्यांचे भजनी मंडळ, त्यांचे शेत, त्यांची गुडघेदुखी हेही त्यांचे जगणेच आहे. आणि घरातील स्त्रीला नोकरीत बढती किंवा बदलीचा प्रस्ताव आला, तर ‘जमेल का तुला?’ असे न विचारता ‘आपण कसे जमवू या?’ असे विचारावे.

आपण समाजाच्या ऋणाविषयी नेहमी बोलतो. घराचेही ऋण असते आणि ते भाषणातून फिटत नाही. आज येथून परत गेल्यावर जेवणानंतरची भांडी कोणी घासायची, एवढ्या एका प्रश्नापासून त्याची परतफेड सुरू करू या.