बिनतारी यंत्र आणि दोष शोधण्याची शिस्त
(डोणगाव, तालुका मेहकर, येथील शिक्षक-संमेलनात केलेले भाषण)



संगणकाविषयी दोन शब्द बोलावे, अशी मला आज्ञा झाली आहे. मी संगणकशास्त्राचा पंडित नव्हे. आपल्यासारखाच वर्गावर शिकविणारा शिक्षक आहे. म्हणून शास्त्राचे विवेचन करण्याऐवजी माझ्या हातून घडलेली एक चूक आपल्यापुढे मांडतो. तिच्यात शास्त्र आहे आणि आपल्या व्यवसायास लागू पडेल असा धडाही आहे.

आमच्या शाळेत रास्पबेरी पाय नावाचा, एकाच फलकावर सर्व काही बसविलेला संगणक आहे. मुलांना आज्ञावली लिहिण्याची गोडी लागावी, या हेतूने इंग्लंडातील केंब्रिज येथे तो सिद्ध झाला व फेब्रुवारी 2012 मध्ये विक्रीस आला. 2016 च्या तिसऱ्या पिढीपासून बिनतारी जोडणी त्या फलकातच आली. आमचा संगणक 2015 सालच्या दुसऱ्या पिढीचा. त्यास बाहेरून वाय-फायची बोटभर कांडी लावावी लागते. तिच्या योगे माझ्या मोबाइलवरील इंटरनेट संगणकास मिळे आणि मुले आपल्या शेजारचे लोणार सरोवर उपग्रहाने टिपलेल्या चित्रांत पाहत. बिनतारी जोडणी खेड्यातील शाळांस अगदीच नवी नाही. 2007 साली रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावी शाळेतील मुलांना जे एक्स-ओ लॅपटॉप मिळाले, तेही एकमेकांशी बिनतारीच जोडले जात.

2022 च्या पावसाळ्यातील गोष्ट. एका शुक्रवारी शाळा सुटल्यावर मी संगणकातील सर्व आज्ञावल्या अद्ययावत केल्या व यंत्र बंद करून घरी गेलो. शनिवारी सातवीतील एका विद्यार्थ्याने झाडलोट करताना ती कांडी काढून पुन्हा बसविली. सोमवारी यंत्र सुरू केले, तो बिनतारी जोडणी नाहीशी! मी चौकशी न करता त्या मुलास वर्गासमक्ष बोल लावला. यंत्र कपाटात गेले. जडसंग्रह नोंदवहीत 'नादुरुस्त' असा शेरा मारण्याचेही मी मनात योजिले. तो मुलगा मात्र त्या दिवसापासून संगणकाच्या मेजाजवळ फिरकेना.

चार दिवसांनी मन स्वस्थ बसू देईना, म्हणून यंत्र बाहेर काढले. संगणक स्वतःची दैनंदिनी ठेवतो. 'डी-मेसेज' ही आज्ञा टंकिली की ती पडद्यावर उमटते. पुढे 'एल-एस-यू-एस-बी' ही आज्ञा दिली, तेव्हा जोडलेल्या उपकरणांच्या यादीत कांडीचे नाव व क्रमांक स्वच्छ दिसले. कांडी जिवंत होती! मुलगा निर्दोष असण्याचा हा पहिला पुरावा होय.

मग दोष कोठे? येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. या संगणकात लिनक्स ही प्रणाली चालते. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने 1991 साली तिचा गाभा, म्हणजे कर्नेल, प्रथम जगापुढे ठेवला. गाभ्यास प्रत्येक उपकरणाची भाषा समजावून देणारा एक दुभाषी लागतो, त्यास ड्रायव्हर म्हणतात. पुष्कळ ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात. आमच्या कांडीचा आला नव्हता. त्याचा मूळ मजकूर आणून यंत्राच्या भाषेत त्याचे रूपांतर करावे लागले होते. या रूपांतरास कंपाइल करणे म्हणतात आणि त्यातून निघणाऱ्या सुट्या भागास मॉड्यूल. मॉड्यूल हे कुऱ्हाडीच्या दांड्यासारखे असते. सुतार ज्या कुऱ्हाडीसाठी दांडा घासतो, तिलाच तो बसतो. कुऱ्हाड बदलली की दांडा पुन्हा घासावा लागतो.

'यूनेम वजा आर' या आज्ञेने गाभ्याचा क्रमांक विचारला, आणि माझे मलाच उत्तर मिळाले. पूर्वीचा क्रमांक 5.10 ने सुरू होत असे; आता तेथे 5.15 होते. शुक्रवारी मीच गाभा बदलला होता. यंत्र सोमवारी नव्या गाभ्यावर उठले व जुने मॉड्यूल निकामी ठरले. अपराधी मी होतो आणि शिक्षा मुलास झाली होती.

दुरुस्ती कशी केली, ते क्रमाने सांगतो. इंटरनेटवाचून ड्रायव्हर मिळेना आणि ड्रायव्हरवाचून इंटरनेट मिळेना, अशी प्रथम कोंडी झाली. मोबाइल तारेने संगणकास जोडून त्यातील यू-एस-बी टेदरिंग सुरू केले, तेव्हा ती सुटली. नंतर नव्या गाभ्याच्या हेडर फाइली आणल्या. दांडा घासण्याचे माप त्यांतच असते; त्या चालू गाभ्याच्याच क्रमांकाच्या हव्यात, अन्यथा तयार झालेले मॉड्यूल 'अयोग्य स्वरूप' म्हणून नाकारले जाते. मग 'मेक' ही आज्ञा दिली. पडद्यावर चुकांची रांग लागली. अशा वेळी शेवटची चूक वाचू नये, पहिली वाचावी; पुढच्या बहुतेक तिच्याच पोटी जन्मलेल्या असतात. ड्रायव्हरचा माझ्याजवळील मजकूर नव्या गाभ्यास जुना पडला होता. सुधारलेला मजकूर आणला, 'मेक क्लीन' म्हणून जुने अवशेष पुसले व पुन्हा 'मेक' केले. या वेळी काम तडीस गेले. 'मेक इन्स्टॉल' ने मॉड्यूल जागेवर ठेवले, 'डेप-मॉड' ने सूची नवी केली आणि 'मॉड-प्रोब' ने ते गाभ्यात भरले. जोडणी परतली.

परंतु थोड्या वेळाने ती तुटू लागली. पुन्हा दैनंदिनी पाहिली. तीत विद्युतदाब कमी पडल्याची नोंद होती व पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्हही चमकत होते. या संगणकास 5 व्होल्ट लागतात. दाब सुमारे 4.63 च्या खाली गेला की तो अशी सूचना देतो. मी मोबाइलचा जुना चार्जर व लांब, बारीक तार वापरीत होतो. योग्य चार्जर व आखूड तार लावताच तो दोषही गेला.

आपल्यापैकी कोणावर असा प्रसंग आल्यास क्रम ध्यानी ठेवावा. उपकरण दिसते काय, ते प्रथम पाहावे. नंतर त्याचा क्रमांक टिपावा. खोक्यावरील नावावर विसंबू नये, कारण एकाच नावाच्या कांड्यांत निरनिराळ्या चिप असू शकतात. मग गाभा व हेडर यांचे क्रमांक ताडून पाहावेत आणि दैनंदिनी वाचावी. एका वेळी एकच बदल करून तो वहीत लिहावा. डी-के-एम-एस नावाची एक सोय आहे. गाभा बदलला की ती मॉड्यूल आपोआप पुन्हा कंपाइल करण्याचा यत्न करते. ती बसवून घ्यावी, तथापि तिच्यासही हेडर लागतात, हे विसरू नये. अधिक अभ्यासासाठी मुंबईच्या आय.आय.टी.च्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठीतूनही ऐकावयास मिळतात.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभा राहिलो. ज्या मुलांसमक्ष त्या विद्यार्थ्यास बोल लावला होता, त्यांच्यासमक्षच चूक माझी होती असे सांगितले व त्याची क्षमा मागितली. वर्ग क्षणभर स्तब्ध झाला. मग त्या मुलाने हळूच विचारले, "गुरुजी, क्रमांक कोठे दिसतो?" मी त्यास मेजाजवळ बोलावून दाखविले. शाळा सोडीपर्यंत आमची दुरुस्तीची वही त्यानेच लिहिली.

मित्रहो, यंत्रास मन नसते; चार दिवस कपाटात पडून त्याचे काही बिघडले नाही. मुलाचे तसे नव्हे. हिशेब चुकला, वस्तू हरवली, वर्गात गलका झाला, की आपले बोट सवयीने एखाद्या ठराविक मुलाकडे वळते. ते वळण्यापूर्वी, शेवटचा बदल कोणी केला, एवढे आपणास विचारावे. पुष्कळदा उत्तर आपल्याच हस्ताक्षरात लिहिलेले सापडेल.