श्रीगणेशा धुळीत गिरवायचा
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेले भाषण)



कुठल्याही कामाच्या आरंभाला आपण 'श्रीगणेशा' म्हणतो. हा शब्द पंतोजींच्या शाळेतला. पाटीवर धूळ पसरायची आणि पहिली अक्षरे गिरवायची ती 'श्री गणेशाय नमः'. चुकले की हाताने पुसायचे. थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवायचे. मद्रासला अँड्र्यू बेल यांनी मुलांना असेच वाळूत लिहिताना पाहिले, त्यावरून आपली पद्धत बसवली आणि १७९७ मध्ये विलायतेत त्यावर पुस्तक काढले.

त्याच शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी घोकून घेत. औट म्हणजे साडेतीन. आपल्या हिंदी शेजाऱ्यांकडे हाच पाढा 'हूंठा' म्हणून आहे. सोळा आण्यांचा रुपया होता तोवर ही अपूर्णांकांची गणिते रोजच लागत. १ एप्रिल १९५७ ला शंभर पैशांचा रुपया आला आणि हे पाढे हळूहळू मागे पडले.

एकदा पुलियाच्या कामावर आम्ही, पदविकाधारक उपयंत्री, मोबाईलवर गुणाकार करीत होतो. म्हातारे मिस्त्री म्हणाले, "साहेब, सात औटं साडेचोवीस." मोबाईलने तेच सांगितले, पण नंतर! मिस्त्री दुसरीपुढे शिकलेले नव्हते.

घरची गोष्टही सांगतो. आमची आई परातीत तांदूळ पसरून नातीचे बोट धरायची, अक्षरे काढून घ्यायची. आम्हीच म्हणालो, "आई, आता असं कोणी शिकवत नाही." तिने तांदूळ गोळा करून डब्यात भरले, पुन्हा काही काढले नाही. आज लेक बारावीत आहे. लिपी एकच, त्यामुळे मराठी वाचते. पण 'बाळ'ला 'बाल' म्हणते आणि 'औट' तिला क्रिकेटमधला वाटतो. १ नोव्हेंबर १९५६ ला भंडारा मुंबई राज्यात गेला, आपला बालाघाट मध्य प्रदेशात राहिला, तो कारभार वरचा होता. 'ळ' मात्र आमच्या घरातून आमच्याच हाताने गेला.

म्हणून मंडळाला विनंती आहे. संध्याकाळच्या आरतीनंतर, प्रसाद वाटण्याआधी, पंधरा मिनिटे ज्यांना औटकी येते त्या आजी-आजोबांनी मुलांना घेऊन बसावे. आम्हीही मुलांच्या रांगेतच बसू. दिडकी आम्हालाही अर्धीच येते. परात आईचीच आहे, ती उद्या आणतो.