परक्याच्या मताचे मोल

(परभणी येथे पक्षाच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव ऐकून तुमच्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. परभणीत कार्यकर्त्यांपुढे बोलायचे तर कापसाच्या भावावर बोलावे, जायकवाडीच्या पाण्यावर बोलावे. परदेशी जाऊन राहिलेल्या माणसांची त्या देशाविषयी काय मते असतात, ही उठाठेव येथे कशाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो गैर नाही. त्याचे उत्तर भाषणाच्या शेवटी देण्याचा प्रयत्न करीन.

विषय सुचण्याचे कारण मात्र आताच सांगतो. आपल्या बैठकांतून मी दोन वाक्ये वारंवार ऐकत आलो आहे. 'बाहेरच्या माणसाने आम्हाला शहाणपण शिकवू नये' हे एक, आणि 'अहो, परदेशात राहणारी माणसेसुद्धा हेच म्हणतात' हे दुसरे. पुष्कळदा दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून येतात. मत गैरसोयीचे असले की बोलणारा परका ठरतो आणि सोयीचे असले की तोच साक्षीदार ठरतो. याला विचार म्हणता येत नाही, सोय म्हणता येईल. परक्याच्या मताला काही मोल आहे काय, आणि असल्यास ते कशावरून ठरवायचे, हे एकदा नीट पाहिले पाहिजे.

आपले हितसंबंध आड येऊ नयेत म्हणून पहिले उदाहरण मुद्दाम दूरचे घेतो. थायलंडमध्ये युरोप-अमेरिकेतील असंख्य माणसे कायमची येऊन राहिली आहेत. पन्नाशी उलटलेल्या परकीयाने आठ लाख बाट बँकेत ठेवले किंवा दरमहा ६५ हजार बाटांचे उत्पन्न दाखवले की त्याला निवृत्तीनंतर तेथे राहण्याची परवानगी वर्षावर्षाने मिळते. जमीन त्याच्या नावावर होत नाही, दर ९० दिवसांनी आपला ठावठिकाणा सरकारला कळवावा लागतो, आणि मताचा अधिकार अर्थातच नसतो. या मंडळींनी तेथील जीवनाविषयी उदंड लिहिले आहे. राहणी स्वस्त आहे, माणसे हसतमुख आहेत, दवाखाने चांगले आहेत, राजकारण तेवढे गोंगाटाचे आहे, असा त्याचा सर्वसाधारण सूर. त्यात लबाडी नाही. पण अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने येथे थांबून विचारले पाहिजे की, हे चित्र कोणत्या खिडकीतून दिसते?

२ जुलै १९९७ रोजी थायलंडने आपले चलन मोकळे सोडले. तोवर एका डॉलरला सुमारे २५ बाट मिळत. जानेवारी १९९८ पर्यंत ते पन्नासाच्या वर मिळू लागले. ज्याचे निवृत्तिवेतन डॉलरमध्ये येत होते, त्याचे घरभाडे, जेवण आणि मोलकरणीचा पगार अवघ्या सहा महिन्यांत जवळजवळ निम्म्या खर्चात भागू लागला. त्याच सहा महिन्यांत बँकॉकमधील बांधकामे अर्ध्यावर थांबली आणि कामावरून काढलेले मजूर ईशान्येकडील आपल्या कोरडवाहू खेड्यांत परतले. घटना एक, तारीख एक, आणि दोघांच्या अनुभवात मात्र जमीन-अस्मानाचे अंतर. 'राहणी स्वस्त आहे' हे पाहुण्याचे वाक्य खरे होते. त्या स्वस्ताईची किंमत कोणी भरली, हे त्या वाक्यात नव्हते.

राजकारणाचेही तसेच. २२ मे २०१४ रोजी तेथे लष्कराने सत्ता हाती घेतली. निदर्शने बंद झाली, रस्ते शांत झाले. 'निदान शांतता तरी आली' असे म्हणणारे पाहुणे तेव्हा होते. ज्याला मतपेटी कधी मिळालीच नव्हती, त्याला ती हिरावली गेल्याचे दुःख कसे व्हावे? आपल्या पिढीला हे वाक्य नवीन नाही. १९७५ च्या आणीबाणीत 'गाड्या वेळेवर धावतात' असे म्हणणारे पाहुणे होते आणि आपल्याच मध्यमवर्गातील पुष्कळ माणसेही होती. मधु लिमये, मधु दंडवते आणि मृणाल गोरे त्या काळात तुरुंगात होते. तेव्हा एक गोष्ट लक्षात ठेवू या. आपल्याच देशात पाहुण्यासारखे राहता येते. त्यासाठी परक्या देशाचे पारपत्र लागत नाही.

आल्बर्ट हिर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एक छोटेसे पुस्तक लिहिले. एखादी संस्था किंवा राज्य बिघडू लागले की माणसापुढे दोन मार्ग असतात, असे त्याचे सूत्र आहे. एक निघून जाण्याचा आणि दुसरा आवाज उठवण्याचा. त्या जागेवर निष्ठा असेल तर माणूस निघून जाणे लांबवतो आणि आवाज उठवून पाहतो. या सूत्राने परक्याच्या मताची परीक्षा करता येते. ज्याला केव्हाही निघून जाता येते, त्याचे मत स्वस्त असते, कारण ते चुकले तर त्याचा दंड दुसरा कोणीतरी भरतो. जो मत देतो आणि त्याच्या परिणामांसह तेथेच राहतो, त्याच्या मताला वजन येते. जन्म कोठे झाला हा प्रश्न यात दुय्यम ठरतो.

थायलंडमध्येच अशा वजनाचे एक उदाहरण सापडते. अँडी हॉल या ब्रिटिश संशोधकाने अननस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्यातील म्यानमारी मजुरांच्या मुलाखती घेतल्या, आणि त्यांवर आधारलेला अहवाल फिनलंडमधील एका संस्थेने २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यापायी हॉलवर बदनामीचा फौजदारी खटला झाला. २०१६ मध्ये खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्दोष सोडले. पण या गोष्टीत आणखी एक धडा आहे. थायलंडमध्ये परके दोन प्रकारचे आहेत. गोऱ्या निवृत्ताला प्रतिष्ठित 'परदेशस्थ' म्हणतात आणि मासळीच्या किंवा फळांच्या कारखान्यात राबणाऱ्या म्यानमारी माणसाला 'स्थलांतरित मजूर' म्हणतात. पहिल्याचे मत छापले जाते. दुसऱ्याचे मत छापणाऱ्यावर खटला होतो.

आता घराकडे वळू. मुलकी आणि गैरमुलकी हा भेद आपल्या वाडवडिलांनी निजामी राजवटीत अनुभवला आहे. १९१९ च्या नियमांनी मुलकी ठरण्यासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याची अट घातली होती. नोकरीच्या न्याय्य वाटपासाठी त्या अटीला काही अर्थ असेलही. पण त्याच राजवटीविरुद्धचा लढा उभारताना मराठवाड्याने कोणाला वास्तव्याचा दाखला मागितला नाही. विजापूर जिल्ह्यातील सिंदगीला १९०३ साली जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक म्हणून आले, मग मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस गेले, आणि हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. त्यांचे मत आपण मानले, कारण त्या मतासाठी ते तुरुंगात गेले.

त्याहून दूरचे उदाहरण गेल ऑम्वेट यांचे. १९४१ साली अमेरिकेतील मिनिआपोलिस येथे जन्मलेल्या या बाई संशोधनासाठी महाराष्ट्रात आल्या. पश्चिम भारतातील ब्राह्मणेतर चळवळीवरचा त्यांचा प्रबंध १९७३ साली बर्कलीच्या विद्यापीठात मान्य झाला. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक परंपरेकडे आपल्या विद्यापीठांचे पुरेसे लक्ष नव्हते, तेव्हा एका परकीय स्त्रीने तिला सामाजिक क्रांतीचा दर्जा दिला. घरात नित्य वावरणाऱ्याला जी भेग दिसत नाही ती बाहेरून आलेल्याला दिसते, हा परक्या दृष्टीचा खरा लाभ. पण त्या प्रबंध घेऊन परत गेल्या नाहीत. भारत पाटणकरांशी विवाह करून त्या सांगली जिल्ह्यातील कासेगावी राहिल्या, १९८३ मध्ये त्यांनी भारतीय नागरिकत्व घेतले, आणि २५ ऑगस्ट २०२१ रोजी कासेगावीच त्यांचे निधन झाले. शेतकरी संघटनेच्या अर्थविचाराला त्यांनी दिलेला पाठिंबा मला पटला नाही. नर्मदेच्या धरणाविषयी १९९९ साली त्यांनी अरुंधती रॉय यांना लिहिलेले खुले पत्रही पटले नाही. तरीही तो मतभेद घरच्या माणसाशी असावा तसा होता. 'तुम्ही बाहेरच्या, तुम्हाला काय कळते' हे उत्तर त्यांना देण्याचा अधिकार कोणालाही उरला नव्हता. फलटणला मराठी शिकून, मराठी शिकवून, वंचित मुलांसाठी प्रगत शिक्षण संस्था उभी करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्याविषयीही हेच म्हणता येईल.

इथवर मी परक्याच्या मताविषयी बोललो. आता ज्याचे मत कोणी विचारतच नाही अशा परक्याविषयी बोलतो. तो थायलंडमध्ये नाही, आपल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर तालुक्यांत आहे. दिवाळी आटोपली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा कोयता ट्रकमध्ये चढतो आणि पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत राहतो. वर्षाचा अर्धा काळ परमुलखात काढणारा, दोन्हीकडचे रस्ते, पाणी, शाळा, दवाखाने आणि पुढारी पाहिलेला हा माणूस. तुलनात्मक समाजशास्त्राची इतकी सामग्री आमच्या विद्यापीठातील कोणत्या प्राध्यापकाजवळ होती? माझ्याजवळ तरी नव्हती.

काही वर्षांपूर्वी चैत्रात गंगाखेड तालुक्यातल्या एका गावी, नुकत्याच परतलेल्या एका बाईंना मी विचारले, "ताई, तिकडचा मुलूख कसा वाटला?" त्या हसल्या. म्हणाल्या, "सर, हे आजवर कुणी इचारलं नाही." मग बोलू लागल्या. तिकडे उसाच्या सरीत पाणी उभे असते, पण पिण्याचा हंडा भरायला लांब जावे लागते. गाडी रात्री केव्हाही भरायला लागते. एक दिवस अंग दुखले म्हणून निजले तर खाडा धरतात. काट्यावर किती वजन भरले ते तोडणाऱ्याला दिसत नाही. तिकडची शाळा चांगली आहे, पण मधल्या महिन्यांत गेलेले पोर तिथे बसत नाही आणि परत आले की इथेही मागे पडलेले असते. सहकाराने पश्चिम महाराष्ट्र समृद्ध झाला, असे मी कैक वर्षे वर्गात शिकवले. त्या समृद्धीच्या हिशेबातला हा रकाना माझ्या टिपणांत नव्हता. शेवटी मी मतदानाचे विचारले. त्या म्हणाल्या, "तिथं आमचं नाव नाही, आन् हितं नाव हाय तर आमी नाही."

साथींनो, हिर्शमनच्या दोन्ही वाटा या बाईंना बंद आहेत. उचल फिटेपर्यंत निघून जाता येत नाही आणि आवाज उठवायला मत हाती नाही. आपल्या लोकशाहीने परदेशस्थ नागरिकाची आठवण ठेवली, हे चांगलेच झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्यातील दुरुस्तीने २०११ पासून त्याला मतदार म्हणून नाव नोंदवता येऊ लागले. २०२४ च्या लोकसभेला १ लाख १९ हजारांवर नावे नोंदली गेली होती. प्रत्यक्ष येऊन मत देणारे तीन हजारांच्या आत होते. त्याच वर्षी ८५ वर्षांवरील आणि अपंग मतदारांना घरी बसून मत देण्याची सोय झाली, तीही योग्यच. मग पेटी घरापर्यंत जाऊ शकते तर उसाच्या फडापर्यंत का जाऊ नये? विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले. टोळ्या निघण्याचे दिवस नेमके हेच.

येथे थोडे आत्मपरीक्षण करणे भाग आहे. डिसेंबर २०२२ मध्ये निवडणूक आयोगाने देशांतर्गत स्थलांतरितांसाठी एका यंत्राचा प्रस्ताव मांडला. एकाच केंद्रावरून ७२ मतदारसंघांचे मतदान घेण्याची ती योजना होती. १६ जानेवारी २०२३ च्या सर्वपक्षीय बैठकीत विरोधी पक्षांनी आक्षेप घेतले. स्थलांतरित म्हणजे नेमका कोण, परराज्यात मतदान प्रतिनिधी कोठून आणायचे, यंत्राचा भरवसा काय, हे प्रश्न रास्त होते, आणि मीही त्या आक्षेपांच्या बाजूचा होतो. पण यंत्र नको म्हटल्यावर त्या माणसाच्या मताचे काय करायचे, हा प्रश्न आपण पुन्हा उचलला नाही. यंत्राला विरोध करून आपण मोकळे झालो. मजूर जिथे होता तिथेच राहिला.

तेव्हा माझ्या सूचना तीन आहेत. पहिली, येत्या चैत्रात टोळ्या परतल्या की प्रत्येक तालुक्यात किमान एका गावी बैठक घ्यावी आणि त्या बैठकीत आपण भाषण करू नये. त्यांनी बोलावे, आपण लिहून घ्यावे, आणि ते जसेच्या तसे या साप्ताहिकात छापावे. दुसरी, कारखान्याच्या परिसरात टपाली मतदान किंवा फिरते मतदान केंद्र, आणि मतदान होईपर्यंत टोळ्यांची रवानगी न करण्याचे बंधन, ही मागणी पक्षाने लेखी करावी. तिसरी, आपल्या परभणीत परप्रांतांतून आलेले बांधकाम मजूर आहेत. त्यांना हा मुलूख कसा वाटतो, हे आपण त्यांना कधी विचारले? कोल्हापूरकराने आपल्या माणसाला विचारावे असे वाटत असेल, तर सुरुवात आपल्या दारापासून करावी लागेल.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देतो. परक्याचे मत ऐकावे, अगत्याने ऐकावे, आणि तो त्या मताची काय किंमत मोजतो हे पाहून त्याचे मोल ठरवावे. या मापाने मोजले तर सर्वांत मोलाचे मत आपल्याच जिल्ह्यातील त्या बाईंचे ठरते. ते ऐकायला आपल्याला चैत्रापर्यंत थांबायचे आहे. निदान तेव्हा तरी आपण गावात असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.