आपलं गाव कोणत्या नंबरचं?

आम्ही झरीच्या बचत गटातल्या बाया. परभणी-जिंतूर रस्त्यावरची झरी, हे मुद्दाम सांगतो. का, ते ऐका.

आमच्यातल्या एकीनं योजनेचा अर्ज भरायला दिला. भरणाऱ्यानं यादीत झरी दिसली की बोट ठेवलं, आणि कागद गेला यवतमाळकडं. तिकडं झरी-जामणी हा अख्खा तालुकाच आहे! ही चार महिने वाट बघत बसली.

तेव्हा आम्हाला गावाचा नंबर कळला. जनगणनेत प्रत्येक महसुली गावाला स्वतःचा नंबर असतो. २०११ ला तो सहा आकडी होता. नावं सारखी निघतात, नंबर सारखा निघत नाही. जिल्ह्याचाही भरवसा नाही बघा. १९५१ ला आपण हैदराबाद राज्यात मोजले गेलो, १९६१ ला महाराष्ट्रात. १९९९ ला हिंगोली वेगळी झाली. म्हणून १९९१ ची परभणी आणि २००१ ची परभणी शेजारी ठेवली, तर माणसं कुठं गेली असं वाटतं. कुठं गेली नाहीत, हद्द सरकली.

पण नंबर मिळतो तो महसुली गावाला. वाडी, तांडा, शेतातला आखाडा यांची माणसं मूळ गावात मिसळून जातात. कागदावर बेचिराग गावालाही नंबर असतो. म्हणजे दिवा लावायला माणूस नाही तिथं नंबर आहे, आणि रोज चुली पेटतात त्या तांड्याला नाही. मग तांड्यावर अंगणवाडी मागायला गेलं की विचारतात, लोकसंख्या किती? छापील आकडा दाखवायचा कुठून?

आता नव्या जनगणनेच्या दोन फेऱ्या आहेत. पहिलीत घरं मोजायची. त्यासाठी २०२६ चे एप्रिल ते सप्टेंबर हे महिने ठरलेत. दुसरीत माणसं मोजायची, फेब्रुवारी २०२७ मध्ये. आकडा धरायचा १ मार्चचा. आमचा जीव अडकतो तो इथं. फेब्रुवारीत उसाच्या टोळ्या कारखान्यावर असतात. २०११ च्या नियमानं, मोजणीचे सगळे दिवस जो बाहेर, तो घरी मोजायचा नाही. जिथं असेल तिथं मोजायचा. म्हणजे आपली माणसं कोल्हापूर-सांगलीच्या फडातल्या कोपीवर मोजली जाणार. आणि तिथं कुणी आलंच नाही तर? ना इथं, ना तिथं.

म्हणून टोळीवर जाणाऱ्या बायांना आमचं सांगणं आहे: कोपीवर मोजणीवाला आला का, हे मुकादमाला रोज विचारा. नाही आला तर तिथल्या ग्रामपंचायतीत जाऊन सांगा. आखाड्यावर राहणाऱ्यांनी पहिल्या फेरीतच घर दाखवावं. मोजणीवाला गावातून परत फिरला, तर पोरगं पाठवून बोलवा.

एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नाही. नवऱ्याचं नाव घ्यायची रीत नसेल, तर ते सांगायची सक्ती नाही, असं १९४८ च्या जनगणना कायद्यातच लिहिलंय. आमच्या सासूबाई हे ऐकून हसल्या. म्हणाल्या, नाव मी घेईन गं, तू आधी त्याला आखाड्याची वाट दाखव.