ऋतुसंधी, नवपद आणि नियम



ऋतू पालटला की झाडांची पालवी पालटते, तशीच माणसाची भूक, झोप आणि मनःस्थितीही पालटते. वाग्भटाच्या ‘अष्टांगहृदय’ या ग्रंथात सरत्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात अशा चौदा दिवसांना ‘ऋतुसंधी’ असे नाव दिले आहे. या दिवसांत जुना आहारविहार क्रमाक्रमाने सोडावा आणि नवा क्रमाक्रमाने स्वीकारावा, असा त्याचा उपदेश आहे. शिशिरात साठलेला कफ वसंतात उसळतो आणि वर्षाऋतूत साठलेले पित्त शरदात प्रकोप पावते, असे आयुर्वेद मानतो.

आता जैन पंचांगाकडे पाहावे. श्वेतांबर परंपरेतील आयंबिलाची शाश्वती ओळी वर्षातून दोनदा येते. पहिली चैत्र शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत, म्हणजे वसंतात. दुसरी आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत, म्हणजे शरदात. दिगंबर परंपरेतील अष्टाह्निका पर्व कार्तिक, फाल्गुन आणि आषाढ या तीन महिन्यांच्या शुक्ल पक्षातील अखेरच्या आठ दिवसांत साजरे होते. वर्षाचे पावसाळा, हिवाळा व उन्हाळा असे चार-चार महिन्यांचे तीन भाग करणाऱ्या सीमाही याच आहेत. ओळीचा मूळ हेतू कर्मनिर्जरा आहे, आरोग्यलाभ हे तिचे आनुषंगिक फळ आहे, हे विसरता कामा नये. तथापि शरीर आणि मन दोन्ही डळमळीत होण्याच्या दिवसांतच साधकाला मंत्राचा आणि तपाचा आधार लाभावा, हा योग श्रावकाने जाणून घेण्यासारखा आहे.

ओळीच्या नऊ दिवसांत नवपदांची आराधना होते. अरिहंत, सिद्ध, आचार्य, उपाध्याय व साधू ही पाच पदे आणि दर्शन, ज्ञान, चारित्र व तप ही चार पदे, अशी ही मांडणी आहे. प्रत्येक पदाला वर्ण दिलेला आहे. अरिहंताचा श्वेत, सिद्धाचा लाल, आचार्यांचा पीत, उपाध्यायांचा हरित, साधूचा श्याम आणि उरलेल्या चार पदांचा पुन्हा श्वेत. प्रचलित विधीनुसार कित्येक आराधक त्या त्या दिवशी तांदूळ, गहू, चणा, मूग व उडीद असे एकेका वर्णाचे धान्य घेतात. दूध, दही, तूप, तेल, गूळ-साखर यांचा त्याग करून दिवसातून एकदाच रूक्ष अन्न घ्यावयाचे आणि त्या दिवसाच्या पदाच्या वीस माळा फेरावयाच्या. वीस माळा म्हणजे २,१६० वेळा एकाच पदाचा जप. नऊ ओळी पूर्ण होण्यास साडेचार वर्षे लागतात आणि एकूण ८१ आयंबिले होतात.

माळेचे मणी १०८ का, याचेही उत्तर परंपरेत आहे. अरिहंतांचे १२, सिद्धांचे ८, आचार्यांचे ३६, उपाध्यायांचे २५ आणि साधूंचे २७ गुण मिळून १०८ होतात. म्हणजे माळ हे निव्वळ मोजमाप नसून गुणांचे स्मरण आहे. नवकार मंत्रात कोणा एका व्यक्तीचे नाव नाही आणि कोणतीही मागणी नाही. पाऊस पडावा, उकाडा कमी व्हावा, धंदा वाढावा, असे त्यात काही नाही. ऋतू त्याच्या नियमाने चालणार. आत उठणारी खळबळ शांत करणे एवढेच साधकाच्या हाती आहे आणि मंत्र ते बळ देतो.

परंतु मंत्र एकटा पुरत नाही. आज मोबाईलवर नवकार अखंड लावून ठेवता येतो. घर मंत्रध्वनीने भरते, मन मात्र आपल्या वाटेने भटकत राहते. म्हणूनच पूर्वाचार्यांनी मंत्राला पच्चक्खाणाची, म्हणजे प्रत्याख्यानाची जोड दिली. सहा आवश्यकांमध्ये प्रत्याख्यानाला स्थान आहे. सर्वांत लहान नियम नवकारशीचा. सूर्योदयानंतर ४८ मिनिटे काही खावयाचे-प्यावयाचे नाही, नंतर मूठ मिटून नवकार स्मरून पच्चक्खाण पारावयाचे. येथे संकल्पाला काळाची सीमा आहे आणि मंत्र त्या सीमेवर उभा आहे.

या नियमांची दुसरी विशेषता म्हणजे त्यांतील ‘आगार’, अर्थात सवलती. अनाभोग म्हणजे विस्मरणाने आणि सहसाकार म्हणजे अकस्मात काही घडल्यास नियमभंग मानला जात नाही. मोठ्या पच्चक्खाणांत समाधी टिकविण्यासाठी, म्हणजे तीव्र व्याधीत औषध घेण्यासाठीही आगार आहे. मानवी दुर्बलता आधीच हिशेबात धरणारा संकल्पच टिकतो. मधुमेही, वृद्ध किंवा गर्भवती यांनी वैद्यांना व गुरूंना विचारून आपला नियम ठरवावा. ईर्ष्येपोटी केलेल्या तपाने शरीर खचते आणि मनही कषायाने मलिन होते.

व्यापारी कुटुंबांची खरी कसोटी आश्विनात लागते. ओळीच्या मध्यावर दसरा येतो, दिवाळीची खरेदी सुरू होते, पेढीवर उसंत नसते आणि बाहेर ऑक्टोबरचे ऊन तापत असते. गिऱ्हाइकाशी वाद, नोकरांवर संताप, उधारीची चिंता, हे सर्व याच दिवसांत अधिक असते. ओळी नको म्हणण्यास एवढे कारण पुरेसे वाटते. वास्तविक हेच तिचे कारण आहे. ज्याला नऊ आयंबिले शक्य नाहीत त्याने एक करावे. तेही नसेल तर नवकारशी, चौविहार आणि गल्ला उघडण्यापूर्वी एक माळ, एवढा नियम नऊ दिवसांसाठी घ्यावा. चौदा नियमांत वस्त्राचाही नियम आहे. दिवसभरात किती वस्त्रे वापरावयाची हे सकाळी ठरवावयाचे आणि संध्याकाळी त्याचा आढावा घ्यावयाचा. कापडाने भरलेल्या दुकानात बसूनही हा नियम पाळता येतो.

चिंता एकाच गोष्टीची आहे. बारमाही भाज्या, वातानुकूलित खोल्या आणि रात्रीपर्यंत उघडी असणारी उपाहारगृहे यांमुळे नव्या पिढीला ऋतू पालटल्याचे कळेनासे झाले आहे. कित्येक ठिकाणी आयंबिलातही पदार्थांच्या विविधतेची स्पर्धा दिसू लागली आहे. जिभेला आवर घालण्यासाठी असलेला दिवस जिभेच्या कौतुकात गेला, तर मागे केवळ रूढी उरेल. मुलांना ओळीची तिथी सांगताना तिचा अर्थही सांगितला, लहानसा नियम त्यांनी स्वतः निवडावा असे पाहिले आणि तो मोडल्यास न रागावता पुन्हा घेण्यास शिकविले, तर ही परंपरा घरात जिवंत राहील.

येणाऱ्या प्रत्येक ऋतुसंधीला घराघरांत निदान एक माळ आणि एक नियम असावा, हीच मंगल भावना.

जय जिनेंद्र.