गोधडी परदेशी जाते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याचे काम चिटणीसबाईंनी माझ्यावर सोपवले, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले होते. व्याख्यान देण्याची मला सवय नाही. मंडळाच्या शिवणवर्गाची हिशेबवही लिहिणे आणि तयार गोधड्या पोस्टात नेऊन देणे, एवढेच माझे काम. पण त्या म्हणाल्या, "मग तेच सांगा. आपल्या गोधड्या परदेशी जातात हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या कशा जातात आणि आपल्या हाती काय पडते, हे कोणाला ठाऊक आहे?" त्यांचे म्हणणे मला पटले. तेव्हा आज मी तेच सांगणार आहे, आणि हिशेबासकट सांगणार आहे.

आपल्या भागातला माल परदेशी जाणे ही काही आजची गोष्ट नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक पुस्तक आहे. त्यात आपल्या पैठणचे नाव आहे आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचेही आहे. तेरला तेव्हा तगर म्हणत. भडोच बंदरापासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, आणि तिथून पूर्वेला आणखी दहा दिवसांच्या वाटेवर तगर, असे त्यात लिहिले आहे. पैठणचे मौल्यवान खडे आणि तगरचे कापड व मलमल गाड्यांत घालून अवघड वाटांनी भडोचला नेत, आणि तिथून तो माल जहाजांनी दूरदेशी जाई. पुढे देवगिरीला दिल्लीच्या सुलतानाची राजधानी आली, तिच्याबरोबर विणकर आले आणि हिमरूची कला इथे रुजली असे सांगतात. सुताचा ताणा आणि रेशमाचा बाणा घेऊन किनखापासारखे दिसणारे हे वस्त्र आपल्या शहराचे भूषण झाले. पैठणीला तर २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले.

हा इतिहास ऐकून आपल्याला अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु मला त्यात एक गोष्ट नेहमी खटकते. त्या जुन्या पुस्तकात बंदराचे नाव आहे, गावाचे नाव आहे, मालाचे नाव आहे. ज्या बाईने ते सूत कातले तिचे नाव नाही, आणि तिला काय मिळाले तेही नाही. माल सातासमुद्रापार गेला, पण करणारीचा हिशेब कोणी लिहिला नाही. आपल्या वहीत मात्र तो लिहिला गेला पाहिजे, असे मला वाटते.

आपल्या कामाची सुरुवात अगदी घरगुती झाली. २०२२ च्या दिवाळीनंतर आपल्या एका सभासद बाईंच्या भाचीला अमेरिकेत मुलगी झाली. बाळंतविड्यात गोधडी हवीच, म्हणून मंडळातल्या चौघीजणींनी मिळून एक शिवून दिली. ती तिच्या मैत्रिणींनी पाहिली, आणि हळूहळू मागण्या येऊ लागल्या. प्रथम आपल्या मराठी माणसांच्या आल्या, मग त्यांच्या शेजारणींच्याही. आम्ही हरखून गेलो. एका गोधडीचे १,८०० रुपये आले, शिवाय टपालखर्च वेगळा! गुलमंडीवरून कापड आणताना आम्हाला आपण मोठ्या व्यापारी झालो असे वाटत असे.

एके दिवशी मी वही घेऊन बसले. साडेतीन फूट रुंद, साडेचार फूट लांब अशी बाळगोधडी. वरचे नवे सुती कापड, दोरा, कडेची पट्टी मिळून ६२० रुपये. उरले १,१८०. आता ती शिवायला वेळ किती लागला? घट्ट धावदोऱ्याच्या ओळी, एका ओळीला लागून दुसरी. शिवणाऱ्या काकूंना मी रोजचे तास विचारून लिहून ठेवले होते. ते भरले ५८. म्हणजे तासाला वीस रुपये! काकूंनी आकडा ऐकला आणि हसून म्हणाल्या, "एवढ्या वेळात चार घरची धुणीभांडी केली असती तरी जास्त मिळाले असते की." त्या हसल्या, पण मला हसू आले नाही.

भगिनींनो, हाताच्या कामाची किंमत ठरवताना आपण बायका एक चूक हमखास करतो. कापडाचे पैसे धरतो, दोऱ्याचे धरतो, आणि आपला वेळ फुकटचा समजतो. "दुपारी बसूनच तर होते!" असे म्हणतो. गिऱ्हाईक मात्र नेमके त्या वेळेचेच पैसे देत असते. नुसते कापड त्याला त्याच्या गावात मिळते. आम्ही नवा हिशेब केला. तासाला ५० रुपये धरून मजुरी २,९००, सामान ६२०, धुणे आणि बांधणी १८०, एकूण ३,७००. किंमत एकदम दुपटीवर गेलेली पाहून आमच्याच छातीत धडकी भरली. दोन मागण्या परत गेल्याही. बाकीच्या राहिल्या.

आता मी आमच्या हातून झालेली एक चूक सांगते. ती लपवून ठेवली तर या भाषणाचा काही उपयोग नाही.

परदेशातल्या एका गिऱ्हाईकाने आम्हाला कळवले की पार्सलावर 'भेटवस्तू' असे लिहा आणि किंमत ५०० रुपये लिहा, म्हणजे मला तिकडे जकात पडणार नाही. आम्हाला त्यात काही वावगे वाटले नाही. सगळेच असे करतात, असे कोणी तरी म्हणाले. आम्ही तसे लिहिले. ते पार्सल वाटेत कुठे तरी नाहीसे झाले. भरपाईचा प्रश्न निघाला तेव्हा आमच्याच हातचा कागद आमच्यापुढे आला: किंमत रुपये ५००. आता ३,७०० ची वस्तू होती असे कोणत्या तोंडाने सांगायचे? गिऱ्हाईकाचे पैसे परत करावे लागले. ती गोधडी ज्या बाईंनी शिवली होती, त्या मुलीच्या वसतिगृहाच्या पैशांसाठी त्या मजुरीकडे डोळे लावून बसल्या होत्या. मंडळाच्या निधीतून त्यांना पूर्ण २,९०० रुपये दिले. त्यांनी ते घेतले, पदरात बांधले आणि मला विचारले, "पैसे मिळाले हो बाई, पण माझी गोधडी कोणाच्या अंगावर आहे, ते सांगा ना." मला उत्तर देता आले नाही.

त्या दिवसापासून आपल्या शिवणवर्गाचे दोन नियम झाले. पहिला, कागदावर जे खरे तेच लिहायचे. दुसरा, गोधडी मंडळात जमा झाली की त्याच आठवड्यात मजुरी द्यायची. परदेशचे पैसे केव्हा येतील याची वाट शिवणारीने पाहायची नाही. जोखीम मंडळाने घ्यायची, तिने नव्हे.

पुष्कळजणी विचारतात की निर्यात म्हणजे मोठ्या कारखानदारांचे काम, ते आपल्याला कसे झेपते? वास्तविक ते वाटते तितके अवघड नाही. आय.ई.सी. नावाचा आयात-निर्यात क्रमांक काढावा लागतो. त्याची फी ५०० रुपये असून अर्ज घरबसल्या संगणकावरून करता येतो. दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती तपासून कायम करावी लागते, ते मात्र विसरू नये. २०२२ पासून टपाल खात्याने डाकघर निर्यात केंद्रे काढली आहेत. तिथे पार्सलाबरोबरचे जकातीचे निर्यातपत्रही संगणकावर भरता येते. प्रत्येक वस्तूचा जगभर चालणारा एक क्रमांक असतो. शालीचा ६२१४ ने सुरू होतो, भरलेल्या रजईचा ९४०४ ने. तो बरोबर घातला नाही तर माल अडतो. पैसे बँकेमार्फतच घ्यावेत, आणि जी.एस.टी.चे काय ते जाणत्याला विचारून ठरवावे.

कागदांहून अधिक काळजी वस्तूची घ्यावी. नवे सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून मगच बेतावे, म्हणजे पुढे आटून गोधडीला चुण्या पडत नाहीत. ओले पांढरे फडके घासून रंग जातो का ते पाहावे. लाल रंगाचा विशेष भरवसा धरू नये. आत जुन्या साडीचा थर असेल तर तसे स्पष्ट लिहावे. आपल्याला त्याची ऊब ठाऊक असते, परक्याला नसते. आणि वजन आधी पाहावे, कारण टपालाच्या स्वस्त प्रकारांना वजनाची मर्यादा असते. म्हणून तर आपण मोठ्या गोधडीऐवजी बाळगोधडीवर भर दिला.

आपल्या पहिल्या नियमाची खरी परीक्षा २०२५ साली झाली. अमेरिकेत तोवर ८०० डॉलरपर्यंतच्या मालाला जकात माफ होती. ती सवलत २९ ऑगस्टपासून गेली. तिकडची जकात कोणी आणि कशी वसूल करायची याचा मेळ बसेना, म्हणून आपल्या टपाल खात्याने २५ ऑगस्टपासून तिकडची मालाची पार्सले घेणे थांबवले. तीन गोधड्या बांधून तयार होत्या. पहिल्या काही दिवसांत शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना मुभा होती. "भेट म्हणूनच पाठवून द्या ना," असे आम्हाला कितीतरी जणांनी सुचवले. गोधडीची किंमतही शंभर डॉलरच्या आतच होती! परंतु विकलेली वस्तू ती विकलेलीच. आम्ही तिघी गिऱ्हाइकांना खरी परिस्थिती लिहून कळवली आणि गोधड्या पुन्हा कपाटात ठेवल्या. ऑगस्टअखेर ती मुभाही बंद झाली.

१५ ऑक्टोबरला पार्सले पुन्हा सुरू झाली, तिकडची जकात इथेच आगाऊ भरण्याच्या अटीवर. ती रक्कम ऐकून एकीने मागणी मागे घेतली. दोघींनी ती भरली. एका बाळाची गोधडी त्याच्या जन्माआधी पोचायची होती. ती पोचली तेव्हा बाळ पालथे पडू लागले होते! परत आलेली तिसरी गोधडी आपल्याच शहरात एका घरी बारशाला गेली. यातून आम्ही एवढे शिकलो की एकाच देशावर सगळा भार टाकू नये, आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला कमी लेखू नये. नियम आज एक, उद्या दुसरा. पार्सल बांधण्याआधी प्रत्येक वेळी नव्याने चौकशी करावी.

आता शेवटची गोष्ट. हरवलेल्या गोधडीच्या त्या बाईंचा प्रश्न माझ्या मनातून गेला नव्हता. तेव्हापासून प्रत्येक गोधडीच्या कोपऱ्यात आपण कापडाची एक लहान पट्टी शिवतो. तिच्यावर शिवणारीचे नाव मराठीत असते. गिऱ्हाइकाला आपण एकच विनंती करतो, की पोचल्यावर दोन ओळी कळवा. त्या ओळी मी वहीत त्या त्या नावासमोर उतरून ठेवते. वही आज बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. कोणी किती तास काम केले, किती मजुरी मिळाली आणि गोधडी कोणाच्या घरी आहे, हे तिच्यात वाचता येईल. त्या एका नावासमोरचा शेवटचा रकाना रिकामा आहे. तो मी तसाच ठेवला आहे.

दर गुरुवारी दुपारी दोन वाजता शिवणवर्ग भरतो. ज्यांना यायचे असेल त्यांनी सुई घेऊन यावे. दोरा मंडळ देईल.