कुठला कुत्रा घेऊ? आधी घड्याळ बघा, मग ब्रीड

(या एपिसोडचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडंफार नीट करून घेतलंय.)

इअरफोन लावून लोकलच्या दारात उभे असाल तर आधी आत सरका, मग ऐका.

गेले काही आठवडे इन्स्टावर एकच प्रश्न सारखा येतोय. "दादा, पहिल्यांदाच कुत्रा घेतोय, कुठला ब्रीड घेऊ?" कोणी हस्कीचा फोटो पाठवतं, कोणी पगचा. एकाने तर सरळच विचारलं, "दिसायला भारी आणि त्रास कमी, असा कुठला?" भावा, तसा सापडला तर मलाही कळव.

तर आज माझ्या आवडत्या जाती. त्यांची मजाही सांगतो आणि डोक्याला होणारा तापही. पण त्याआधी एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक जात माणसाने कुठल्या तरी कामासाठी तयार केली. कोणी मेंढ्या वळायच्या, कोणी गाडी ओढायची, कोणी ससा पकडायचा. आपण ते काम बंद केलं, पण कुत्र्याच्या अंगातून ते गेलेलं नाही. म्हणून "हा क्यूट आहे का?" हे नंतर. "याला जे काम हवंय ते माझ्या घरी आहे का?" हे आधी.

मी राहतो खडवलीला. कल्याणच्या पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा आणि मग आम्ही. आमच्याकडे कुत्रे असलेली दोन प्रकारची घरं दिसतात. एक, नव्या बिल्डिंगमधला वन बीएचके. नवरा-बायको दोघंही सकाळी सातच्या आसपासची गाडी पकडतात आणि रात्री आठला परत येतात. दुसरं, भातसा नदीकडचं फार्महाउस. मालक शनिवारी येतो, रविवारी जातो. मधले पाच दिवस कुत्रा साखळीला, आणि वॉचमन दोन वेळा भांड्यात काहीतरी टाकतो. घरं वेगळी, कुत्र्यांची तक्रार एकच. दिवसभर कोणी नाही. हे चित्र डोळ्यांसमोर ठेवून पुढचं ऐका.

सुरुवात लॅब्रॅडॉरपासून, कारण माझा सगळ्यात लाडका तोच. याचे पूर्वज कॅनडाजवळच्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांबरोबर असायचे. पाण्यात पडलेलं जाळं, मासे ओढून आणायचे. पुढे इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला यांना तयार केलं. म्हणून लॅबला पाणी दिसलं की तो थांबत नाही, आणि तुमची चप्पल तोंडात घेऊन येतो ते प्रेमाने. मुलांशी छान, पाहुण्यांशी त्याहून छान. चोर आला तर त्यालाही बॉल आणून देईल.

ताप काय? भूक. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की साधारण चारांपैकी एका लॅबमध्ये एक जनुकीय बदल असतो, आणि तो भुकेशी आणि वजनाशी जोडलेला आहे. म्हणजे तो तुमच्या ताटाकडे बघतो तो नेहमीच नाटक करत नसतो. पण आपण वडापावचा तुकडा टाकत राहिलो तर चार वर्षांत त्याची उशी होते, आणि मग सांधे धरतात. आणि खडवलीकरांसाठी खास: लॅबला नदीवर न्यायचा मोह होतोच. पावसाळ्यात नेऊ नका. वर शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. दरवाजे उघडले की पाणी चढतं. त्याच्यामागे आपण उडी मारतो, आणि मग बातमी होते.

दुसरा जर्मन शेफर्ड. १८९९ मध्ये माक्स फॉन स्टेफानित्स नावाच्या जर्मन घोडदळातल्या अधिकाऱ्याने ही जात पद्धतशीर घडवायला घेतली. मेंढ्या राखायला. आमच्या गल्लीतला एक शेफर्ड घरातली सगळी माणसं एका खोलीत बसेपर्यंत स्वतः बसत नाही. डोकं इतकं तल्लख की दोन-तीनदा दाखवलं की शिकतो. पण त्या डोक्याला काम दिलं नाही तर तो स्वतःच काम शोधतो. मग सोफा फाडणं हेही कामच. केस बारा महिने गळतात, मागच्या पायांच्या सांध्यांचा आजार या जातीत बराच दिसतो. आणि शिकवण न दिलेला, दिवसभर बांधलेला शेफर्ड लोकांवर धावून जायला लागला तर दोष त्याला देऊ नका.

आता हस्की. मला माहितीये, याचीच वाट बघत होतात. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा, रील टाकली की लाइक्सच लाइक्स. हा सायबेरियातल्या चुकची लोकांचा कुत्रा, बर्फावरची गाडी ओढणारा. १९२५ च्या हिवाळ्यात अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा औषध पोचवायला कुत्र्यांच्या टोळ्या आलटून पालटून साडेपाच दिवसांत हजारावर किलोमीटर धावल्या. त्यात सर्वांत लांबचा आणि अवघड टप्पा ज्याने पुढे राहून काढला, तो टोगो हस्कीच होता.

आता त्या टोगोला मे महिन्यात कल्याणच्या पुढच्या वन बीएचकेत ठेवा. बाहेर पारा चाळिशीला टेकलेला, घरात सकाळी सातपासून एसी बंद कारण बिल येतं, आणि अंगावर केसांचे दोन थर. "मग केस भादरून टाकू की," असं काही जण म्हणतात. नका करू. तो कोट उन्हापासूनही वाचवतो, आणि एकदा भादरला की पुन्हा तसाच येईल याची खात्री नसते. हस्की वाईट कुत्रा नाही. तो चुकीच्या गावी आलाय.

पग. २००३ ची ती हचची जाहिरात, मुलाच्या मागे मागे जाणारा छोटा कुत्रा. तुमच्यातले बरेच जण तेव्हा जन्मलेही नसतील, पण त्यानंतर पग घरोघरी दिसायला लागला. याचं मूळ काम एकच, चीनमध्ये राजघराण्याच्या मांडीवर बसणं. ते तो आजही मन लावून करतो. (हसू) फ्लॅटसाठी आकार बरोबर, भुंकणं कमी, आजी-आजोबांशी गट्टी. पण कुत्रा अंग थंड करतो ते मुख्यतः धापा टाकून, आणि पगचं नाक माणसाने इतकं दाबून आखूड केलंय की ती सोयच अर्धी झाली. तो घोरतो ते गोड वाटतं, पण त्याला श्वास घ्यायला कष्ट पडतायत. भर दुपारी फिरवला तर जिवावर बेतू शकतं.

आता आपल्याकडचे. कारवानी किंवा मुधोळ हाउंड, आणि केसाळ असेल तर पश्मी. सोलापूर, लातूर, कोल्हापूर या पट्ट्यात आणि सीमेपलीकडे मुधोळला मिळतो. ही जात जपण्याचं श्रेय मुधोळ संस्थानच्या घोरपडे राजांना देतात. लांब पाय, खोल छाती, पोट आत गेलेलं. लोक म्हणतात, "याला खायला देत नाही का?" अरे, तो तसाच असतो! नजरेने शिकार हेरून पळत गाठणारा कुत्रा आहे हा. उन्हाची सवय, केस कमी, घरात शांत. पण परक्याने हात लावलेला आवडत नाही, आणि पळायला मोकळं रान रोज लागतं. आमच्याकडे दारोदार कोंबड्या फिरतात. कारवानी सुटला तर संध्याकाळी शेजारणीला कोंबडीचे पैसे द्यायची तयारी ठेवा.

आणि शेवटचा आपला गावठी. हल्ली त्याला इंडी म्हणतात, नाव बदललं की भाव वाढतो. याला कोणी ठरवून घडवलं नाही. गावाच्या कडेला, माणसाच्या उरल्यासुरल्यावर जगत तो हजारो वर्षांत घडला. म्हणून हवामान मानवतं, अंग धडधाकट. आमच्या घरी एक आहे, चिंगी. घरातल्या कोणाची बाइक वळणावर आली, हे तिला आमच्या आधी कळतं.

पण "गावठीला काही लागत नाही" हे खोटं. पार्व्हो आणि डिस्टेंपर पिल्लाची जात बघत नाहीत. रेबीजची लस, दरवर्षीची, त्यालाही हवी. पावसाळ्यात गोचीड त्यालाही लागते. हद्दीचं वेड भारी, रात्री बारा वाजता रिकाम्या रस्त्यावरही भुंकायला त्याला कारण सापडतं. आणि बुजरा असतो, विश्वास टाकायला महिने घेतो. तेवढी वाट बघायची तयारी हवी.

आता हिशेब. रोज सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास फिरवणं, हे कमीत कमी. कुत्रा बारा वर्षं जगला तर ४,३८० तास. म्हणजे झोप-जेवण सोडून सलग १८२ दिवस पट्टा हातात. घरात आई, आजी, भाऊ, कोणीतरी दिवसा आहे का? ते या कामाला तयार आहेत का? त्यांना विचारलंय का? कारण "मी सगळं करेन" म्हणणारा पोरगा नोकरीला लागला की पट्टा आईच्या हातात येतो, हे मी कितीतरी घरांत बघितलंय.

दोन कामाच्या गोष्टी. एक, "४५ दिवसांचं पिल्लू, लगेच न्या" अशा जाहिराती येतात. २०१७ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. आणि विकणाऱ्याची नोंदणी लागते, ती मागा. पिल्लाची आई दाखवा म्हणा. दाखवत नसेल तर उठून या. दोन, सोसायटी. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या सूचनांनुसार बहुमताने ठराव करूनही सोसायटी कुत्रा पाळायला बंदी घालू शकत नाही. पण जिन्यात केलेली घाण आपण उचलायची, हे सांगायला नियम कशाला हवा?

तर मग घेऊ की नको? घरात दिवसा माणूस असेल तर घ्या, आणि गावठीपासून विचार सुरू करा. तुम्ही दोघंही सात ते आठ बाहेर असाल तर आत्ता नका घेऊ. हे ऐकायला आवडणार नाही, माहितीये. तोपर्यंत गल्लीतल्या एखाद्याशी ओळख करा, त्याच्या लसीचा खर्च उचला, रविवारी वेळ द्या. कुत्र्याची हौस त्यातही भागते, आणि कोणी साखळीला बसून शनिवारची वाट बघत नाही.

तुमच्याकडे कोण आहे, आणि त्याला दिवसा कोण सांभाळतं? व्हॉइस नोट पाठवा, मागे भुंकण्याचा आवाज आला तरी चालेल. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू. काळजी घ्या!